हाकेला ओ

वाट पाहण्याच्या बाबतीत मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. माणूस नुसती वाट पाहतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी आशा असते. तो ताटकळतो तेव्हा त्याचे पाय दुखू लागलेले असतात. तिष्ठत राहतो तेव्हा पायांपेक्षा त्याचा मान अधिक दुखावलेला असतो. रखडतो तेव्हा कोणाच्या तरी ढिलाईचे फळ तो भोगत असतो. आणि खोळंबतो तेव्हा मात्र राग नेमका कोणावर काढावा हेच त्याला उमगत नाही. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी आहे, दिवे चालू आहेत, पंखे चालू आहेत, पुढे सिग्नल पडला आहे की रुळावर म्हैस आली आहे हे कळायला मार्ग नाही, आणि डब्यातली भली माणसे उगाचच एकमेकांवर खेकसू लागली आहेत, याला खोळंबा म्हणतात.

ऑनलाइन खेळ खेळणारी मुले ज्याला ‘लॅग’ म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावे, असे एकदा वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. मी ‘खोळंबा’ हाच शब्द सुचवला. वर्ग हसला. पण गेल्या वर्षी गणपतीनंतर आमच्या घरात जे महिनाभर चालले होते ते त्या वर्गाने पाहिले असते, तर शब्द चपखल आहे याबद्दल कोणालाच शंका उरली नसती.

आमचे चिरंजीव तेव्हा अकरावीत होते. अभ्यास झाला, जेवण झाले की रात्री आठ ते नऊ हा तास त्यांच्या खेळाचा. ‘व्हॅलरंट’ नावाचा हा खेळ आहे. पाच जण एका बाजूला, पाच दुसऱ्या. लपायचे, हेरायचे आणि समोरच्याने आपल्याला टिपण्याआधी आपण त्याला टिपायचे. चिरंजीवांचे पंचक शाळेपासूनचे. दहावीनंतर त्यांतला एक वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला गेला, एक कोल्हापूरला आजोळी राहिला, बाकीचे तिघे पुण्यातच पण तीन कॉलेजांत विखुरले. आमच्या वेळी अशी मंडळी पांगली की पहिल्या वर्षी चार पत्रे, दुसऱ्या वर्षी एक आणि पुढे लग्नाची आमंत्रणे, असा क्रम असे. ही पोरे मात्र रोज रात्री आठला त्या खेळाच्या मैदानावर भेटत. खेळ किती आणि गप्पा किती, याचा हिशेब मी कधी मागितला नाही.

गणपती गेले आणि एकाएकी खेळ अडखळू लागला. दोन पावले पुढे टाकावीत तर कोणीतरी कॉलर धरून मागे ओढल्यासारखे मूळच्या जागी यावे. नेम धरून गोळी झाडावी तर ती पोचेपर्यंत समोरचा गडी निघून गेलेला असावा. एका रात्री तर आतल्या खोलीतून आरोळी आली, “मी भिंतीआड गेलो होतो, तरी मेलो!” आमच्या मातोश्री जपाची माळ ओढीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “शुभ बोल रे मेल्या!”

आता, अशा वेळी घरातला प्रत्येक माणूस वैद्य होतो. सौ.चे मत पडले की, “अहो, खेळच बंद करा, म्हणजे त्रासच नको.” आमचे मेहुणे म्हणाले, “जास्त स्पीडचा प्लॅन घ्या.” इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा मुलगा फोनवर म्हणाला, “सर, राउटर बंद करून चालू करा.” मातोश्रींनी बोलून काही दाखवले नाही, पण शनिवारी मारुतीला तेल वाहताना एक पळी जास्त पडली असावी.

हे असेच हसण्यावारी गेले असते. पण एके रात्री मी पाणी प्यायला उठलो तेव्हा चिरंजीवांच्या फोनमधून त्यांच्या मित्राचा आवाज ऐकू आला. “आज तू नको खेळूस ना. तुझ्यामुळे हरतो रे आपण. आम्ही दुसऱ्या एकाला घेतलंय.” त्यावर आमचा मुलगा “हो, चालेल की,” एवढेच म्हणाला. रागावला नाही, भांडला नाही. मग दिवा न लावता बराच वेळ त्या काळ्या पडद्यापुढे बसून राहिला. सोळा वर्षांच्या मुलाने दार आपटले तर बापाला काय करायचे ते समजते. तो इतक्या समजूतदारपणे “चालेल” म्हणतो तेव्हा काही समजत नाही. दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही आणली आणि त्याला म्हटले, “हे नक्की काय होतं ते मला समजावून सांग.”

त्याने पहिला शब्द शिकवला तो ‘पिंग’. हा शब्द मला फार आवडला, कारण त्यामागची कल्पना आपल्या ओळखीची आहे. आपण परसातून हाक मारतो आणि माजघरातून ‘ओ’ येते. हाक निघाल्यापासून ‘ओ’ कानावर पडेपर्यंत जो वेळ जातो तो पिंग. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने एका रात्रीत हा लहानसा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीचे यंत्र पाण्यात एक ध्वनी सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ताडते. त्या ध्वनीवरून त्याने हे नाव ठेवले. संगणक दुसऱ्या संगणकाला हाक मारतो, ‘ओ’ आली की वेळ मोजतो. वेळ मोजायचा तो सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदात.

या हाकेला निसर्गाने एक मर्यादा घालून ठेवली आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन येऊन ७,८०० झाले. म्हणजे तिथल्या यंत्राची ‘ओ’ ३९ मिलिसेकंदांच्या आत येणे शक्यच नाही, मग तुम्ही कंपनीला कितीही पैसे मोजा. प्रत्यक्षात तारा सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत थांबेही असतात, त्यामुळे वेळ त्याहून बराच जास्त लागतो. म्हणून पहिला नियम असा की, खेळाचे जे यंत्र सर्वांत जवळ असेल तेच निवडावे. व्हॅलरंटची यंत्रे मुंबईत आहेत आणि चिरंजीवांनी मुंबईच निवडलेली होती. चांगल्या दिवशी त्यांना पिंग बारा-तेरा मिळे. वाईट वेळी मात्र तो आकडा बारावरून दोनशे, दोनशेवरून चारशे आणि क्षणात परत बारा, अशा उड्या मारी.

आणि या उड्याच घातक. नागपूरच्या मित्राचा पिंग कायम तिशीच्या पुढे असे, पण त्याची काही तक्रार नव्हती. रोज दहा मिनिटे उशिरा येणाऱ्या गाडीची माणसाला सवय होते. कधी वेळेवर, कधी अर्धा तास उशिरा येणारी गाडी मात्र त्याला वेड लावते. या खेळाचे यंत्र सेकंदाला १२८ वेळा साऱ्या खेळाडूंचा हिशेब मांडते, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी एकदा. आमच्या घरची ‘ओ’ चारशे मिलिसेकंदांनी पोचली तर तेवढ्यात असे पन्नास हिशेब होऊन गेलेले असतात. चिरंजीव त्यांच्या मते भिंतीआड पोचलेले असतात. यंत्राच्या खात्यावर अजून उघड्यावरच असतात. भिंतीआडच्या त्या मरणाचे गूढ हे असे होते.

रोग कळला, पण त्याचे ठिकाण? इथे आम्हांला शेजारच्या काकांनी वाट दाखवली. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “प्रोफेसर, दोष कुठे आहे ते शोधू नका. कुठे नाही ते शोधा.” पूर्वी एखाद्या घरचा फोन मुका झाला की लाइनमन काय करी, ते त्यांनी सांगितले. तो निम्मा रस्ता गाठी, रस्त्यावरची डबी उघडी आणि तिथे आपला तपासणीचा फोन जोडी. आवाज आला तर दोष घराच्या बाजूला. नाही आला तर एक्स्चेंजच्या बाजूला. मग उरलेल्या वाटेचे पुन्हा दोन भाग. मला हे फार ओळखीचे वाटले. जुन्या ग्रंथाच्या दोन पोथ्यांत पाठ वेगळे आढळले तर आम्हीही हेच करतो. कोणत्या पोथीपर्यंत पाठ शुद्ध होता ते आधी ठरवतो. मग चूक कुठल्या लेखकाच्या हातून शिरली ते आपोआप दिसते.

आमच्या निम्म्या वाटेवरची डबी म्हणजे घरातला राउटर. चिरंजीवांनी संगणकाच्या काळ्या खिडकीत राउटरचाच पत्ता लिहिला आणि त्याला एकामागून एक हाका मारण्यास सांगितले. राउटर हॉलमध्ये, संगणक आतल्या खोलीत. अंतर दहा पावले. ‘ओ’ एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवी. ती यायची तीन, पाच, चार, आणि मध्येच एकशे चाळीस! म्हणजे पहिला दोष घरातच निघाला. मी वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहिला.

वायफायची गोष्ट अशी आहे की तो भर बाजारात बोलण्याचा प्रकार आहे. एका वेळी एकानेच बोलायचे. दुसरा बोलत असेल तर आपण थांबायचे. आमच्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाचा राउटर आहे आणि २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, क्रमांक १, ६ आणि ११. त्यातच दूध गरम करायचा मायक्रोवेव्ह याच पट्ट्याच्या आसपास घोंगावतो. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी कमी, पण त्याला भिंती सोसत नाहीत. आणि कंपनीच्या माणसाने राउटर ठेवला होता तो स्टीलच्या भांड्यांच्या फडताळामागे, कारण तार तिथून आत आली होती. आम्ही तो फडताळावर उंच ठेवला. फरक पडला, पण पुरता नाही. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावून राउटरपासून संगणकापर्यंत पंधरा मीटर केबल भिंतीच्या कडेने ओढून घेतली. खर्च काही शेकड्यांत झाला. सौ.ना तो पांढरा साप आवडला नाही, पण राउटरची ‘ओ’ आता एका मिलिसेकंदाच्या आत येऊ लागली, सकाळी, दुपारी, केव्हाही. ज्यांच्या मुलामुलींची खेळ अडखळण्याची तक्रार असेल त्यांनी आधी हे करावे, असे मी अनुभवाने सांगतो. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपत असावी.

आमची संपली नाही. दिवसभर सारे सुरळीत चाले आणि रात्री आठ-सव्वाआठला पुन्हा चारशे! राउटर तर एका मिलिसेकंदात ‘ओ’ देत होता. म्हणजे खोळंबा त्याच्या पलीकडे. मी रोज रात्री वही घेऊन चिरंजीवांच्या शेजारी बसू लागलो. तो आकडे सांगे, मी लिही. या निमित्ताने इतर बोलणेही होई. नागपूरच्या मित्राचे बाबा आजारी असतात, हे मला तिथेच कळले.

मेहुण्यांचा जास्त स्पीडचा आग्रह चालूच होता. पण वेग मोजणारे साधन पुरते शंभर दाखवत होते. मग शंभराचा वेग असताना हा खोळंबा कसा? आम्ही त्यावर वाचू लागलो आणि एक मोठी मनोरंजक हकिकत हाती लागली. कंपन्या ज्याला ‘स्पीड’ म्हणून विकतात ती खरे म्हणजे रस्त्याची रुंदी असते. सेकंदाला किती माल मावेल, ते ती सांगते. एका चिठ्ठीला पोचायला किती वेळ लागेल, हे ती सांगत नाही. रस्ता रुंद असला तरी नाक्यावर रांग असेल तर मोटार उभीच राहायची.

ही रांग कोठे असते? जिथे रुंद रस्ता अरुंद होतो तिथे. तिथल्या यंत्रात जास्तीचा माल साठवायला एक कोठार असते. कोठार म्हणजे सोय. पण ते फार मोठे असले तर तीच गैरसोय. १९८६ साली कॅलिफोर्नियात बर्कलीचे विद्यापीठ आणि शेजारची लॉरेन्स प्रयोगशाळा यांच्यामधले जाळे गर्दीने असे तुंबले की, सेकंदाला ३२,००० बिटांऐवजी कसेबसे ४० बिट जाऊ लागले. अंतर अवघे ४०० यार्ड. व्हॅन जेकबसन यांनी त्याचे कारण शोधले आणि पाठवणाऱ्याने वाटेत माल गळताना दिसला की हात आखडावा, अशी शिस्त घालून दिली. ती शिस्त आजही चालते. पण पुढे कोठारे स्वस्त झाली आणि यंत्रांत ती भली मोठी बसवली गेली. माल गळेचना, नुसता साठत राही. पाठवणाऱ्याला कळेचना की पुढे रांग लागली आहे. २०१० साली जिम गेटिस यांना आपल्या राहत्या घरी मोठ्या फायली पाठवताना हा प्रकार दिसला आणि त्यांनी त्याला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. आपण त्याला कोठार फुगणे म्हणू.

मी वहीत त्रैराशिक मांडले. आमच्या घरातून बाहेर जाणाऱ्या रस्त्याची रुंदी येणाऱ्या रस्त्याहून लहान, सेकंदाला दोन कोटी बिट. कोठारात दहा लाख बाइट साठले असतील तर त्यांचे ऐंशी लाख बिट झाले. ते उपसायला लागणारा वेळ सेकंदाचा चार दशांश, म्हणजे चारशे मिलिसेकंद. वहीतला आकडा अगदी तोच! चिरंजीवांच्या खेळाचा निरोप म्हणजे जेमतेम पोस्टकार्डाएवढा मजकूर, आणि तो या ढिगाच्या मागे उभा राहत होता. पूर्वी पोस्टाच्या खिडकीशी आपण एक कार्ड घ्यायला जावे आणि आपल्यापुढे एखाद्या पेढीचा कारकून शंभर रजिस्टर पाकिटांचा गठ्ठा घेऊन उभा असावा, तसे.

मग तो गठ्ठा कोणाचा?

वहीची पाने चाळताना एक गोष्ट दिसली. तीन आठवड्यांत तीन रात्री एकदम स्वच्छ होत्या आणि तिन्ही गुरुवार होते. रात्री जेवताना मी विचारले, “गुरुवारी आपल्याकडे काय होत नाही?” चिरंजीव विचारात पडले. सौ. वाढता वाढता म्हणाल्या, “गुरुवारी आई भजनाला दत्ताच्या देवळात असतात.” आणि मग आम्ही तिघेही एकदम गप्प झालो.

मातोश्रींचे वय अठ्ठ्याहत्तर. सातारा जिल्ह्यात त्यांचे माहेर. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांना पाठ आहेत. होत्या, असे म्हणणे आता अधिक खरे ठरेल, कारण गेल्या दोन वर्षांत मधले दुवे निसटू लागले आहेत. कधी पहिले चरण आठवते, दुसरे आठवत नाही. गणपतीला माझी नाशिकची बहीण आली होती. तिने आईच्या फोनवर चित्रण करायला शिकवले आणि फोन चार्जिंगला लावला की केलेले चित्रण आपोआप तिच्यापर्यंत पोचावे अशी सोय करून दिली. दिवसभरात आठवेल तशी एखादी ओवी मातोश्री फोनपुढे बसून म्हणत, आठवेना झाली की तशाच थांबून राहत, फोन चालूच. पाच मिनिटांचे चित्रण म्हणजे साधारण सहाशे एमबीचा ऐवज. रात्री जेवण झाले की फोन चार्जिंगला लागे आणि दिवसभराच्या दोन-तीन ओव्या आमच्या अरुंद रस्त्याने नाशिकला निघत. दहा-बारा मिनिटे सारा रस्ता त्यांचा. नाशिकला बहीण त्या ऐकून रोज रात्री फोन करी.

प्रकार कळल्यावर मातोश्री लगेच म्हणाल्या, “मग मी नाही पाठवत. माझं काय अडलंय त्यावाचून?”

ज्यांच्या घरी वडीलधारे माणूस आहे त्यांना हे वाक्य माहीत असेल. घरात कोणाचे काही अडले की आपली गरज आधी गुंडाळून ठेवायची, ही त्या पिढीची सवयच आहे. मी चिरंजीवांकडे पाहिले. महिनाभर ज्याला मित्रांनी बाजूला बसवले होते, त्याला आता शत्रू सापडला होता आणि शत्रूने आपण होऊन शस्त्र खाली ठेवले होते. तो हातातल्या पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, “आजी, तू थांबायचं नाही.”

“मग तू थांबणार होय?”

“कोणीच नाही थांबायचं. काहीतरी असेल.”

चित्रण मध्यरात्री पाठवायची व्यवस्था करता आली असती. पण मग बहिणीचा रात्रीचा फोन चुकला असता, आणि त्या फोनवर बहीण पुढचे चरण विचारी तेव्हा कधी कधी ते मातोश्रींना आठवे. ती वेळ मोडणे कोणालाच बरे वाटेना. शिवाय आज ओव्या आहेत. उद्या माझ्या कॉलेजचे काही असेल, परवा सौ.चे. गठ्ठा घेऊन येणारा माणूस रोज नवा असणार.

‘काहीतरी’ खरेच होते. कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. कोठारात माल किती आहे हे मोजायचे नाही. माल तिथे किती वेळ पडून आहे हे मोजायचे. पाच मिलिसेकंदांहून अधिक खोळंबा होतो आहे आणि तो टिकून राहतो आहे असे दिसले, की एखादा नग गाळायचा. पाठवणारा शिस्तीप्रमाणे हात आखडतो आणि रांग विरते. पुढे त्याला दुसरी एक युक्ती जोडली गेली. सगळ्यांची मिळून एक रांग न करता प्रत्येकाची वेगळी रांग करायची आणि खिडकीवरच्या कारकुनाने प्रत्येक रांगेतून पाळीपाळीने थोडे थोडे घ्यायचे. मग पोस्टकार्डवाला येतो, कार्ड देतो आणि निघून जातो. गठ्ठेवाल्याला आपल्यापुढे कोणी येऊन गेले हे कळतसुद्धा नाही. त्याचे काम दहा मिनिटांच्या ऐवजी अकरा मिनिटांत होते, इतकेच.

कंपनीने दिलेल्या डबीत ही सोय नव्हती. तीनेक हजारांत दुसरा राउटर आणला आणि चिरंजीवांनी दोन रात्री खपून त्यात ‘ओपनडब्ल्यूआरटी’ नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली. तिच्यात ही शिस्त ‘एसक्यूएम’ या नावाखाली मिळते. एक गोष्ट मात्र करावी लागते. रुंदीचा आकडा मुद्दाम थोडा कमी लिहावा लागतो. वीसच्या जागी आम्ही अठरा लिहिले आणि शंभराच्या जागी नव्वद. असे केले म्हणजे रांग कंपनीच्या कोठारात लागत नाही. आपल्या राउटरात, आपल्या नजरेखाली लागते आणि तिला आपली शिस्त लावता येते. दहा टक्के रुंदी सोडली आणि त्या बदल्यात खोळंबा गेला. मेहुण्यांना हा व्यवहार अजून पटलेला नाही.

आपल्या घरचा खोळंबा याच जातीचा आहे का हे पाहायचे असेल तर त्याला राउटर बदलण्याची गरज नाही. संगणकावरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत हाका मारत राहावे आणि त्याच वेळी फोनवरून एखादे मोठे चित्रण पाठवावे. ‘ओ’ यायला एकदम उशीर होऊ लागला आणि चित्रण पोचताच पुन्हा वेळेवर येऊ लागली, तर रांग आपल्याच दाराशी आहे. चित्रण चालू नसतानाही उशीर होत असेल आणि राउटरची ‘ओ’ मात्र वेळेवर येत असेल, तर दोष बाहेरचा. तिथे आपला इलाज चालत नाही. पण तारीख, वेळ आणि आकडे लिहिलेली वही समोर असली की तक्रार घेणारा मुलगा “राउटर बंद करून चालू करा” एवढे सांगून सुटत नाही.

त्या शुक्रवारी रात्री आठ वाजता मातोश्रींनी फोन चार्जिंगला लावला. आत तीन ओव्या होत्या, त्यांतली एक पुरी आठवलेली. चिरंजीव खेळायला बसले. मी वही घेऊन बसलो होतो. बारा, तेरा, बारा, पंधरा, बारा. बारा मिनिटांनी फोनने सारे पोचल्याचे कळवले. पिंग सोळाच्या वर गेला नव्हता. डाव मात्र ते हरले. कोल्हापूरचा मुलगा ओरडून म्हणाला, “अरे, तू झाडतोयस कुठे? डोळे मिटून खेळतोस का?” त्यावर आमचे चिरंजीव मोठ्याने हसले. महिनाभरात असे हसणे मी ऐकले नव्हते. खोळंब्याकडे बोट दाखवण्याची सोय त्या दिवसापासून संपली होती. आता हरलो तर आपल्या हाताने, जिंकलो तर आपल्या हाताने. सोळाव्या वर्षी एवढा न्याय कुठूनतरी मिळावा लागतो.

मला राहून राहून त्या महिन्याचे नवल वाटते. एका घरात एक आजी आपले विसरत चाललेले धन लेकीकडे पोचवत होती, दहा पावलांवर तिचा नातू आपली पांगलेली टोळी सांभाळत होता, आणि दोघेही एकाच अरुंद वाटेने जात होते. कोणाचा काही गुन्हा नव्हता. तरी घरात भांडण उभे राहिले होते. त्यात एका बाजूला शिस्त होती, दुसऱ्या बाजूला खेळ होता, आणि आणखी आठ दिवस वही नसती तर निकालही लागला असता. खेळ बंद झाला असता किंवा ओव्या. आम्ही सगळ्यांनी त्याला शहाणपण म्हटले असते.

आता रात्री नऊला नाशिकचा फोन येतो तेव्हा चिरंजीवांचाही डाव आटोपलेला असतो. परवा बहिणीने एका ओवीचे दुसरे चरण विचारले. मातोश्री आठवत राहिल्या. फोनच्या पलीकडे बहीण थांबली, इकडे आम्ही थांबलो. चिरंजीव दाराशी उभे होते. अर्धा मिनिट गेला असेल, एक गेला असेल. मोजले कोणीच नाही. मग मातोश्रींनी भलतीच एक ओवी म्हटली, जी आजवर कोणी ऐकली नव्हती.